उमेदवारीचा अलिखित इतिहास : वऱ्हाडातील नभोवाणी पत्रकारितेची शिकाऊ परंपरा

प्रस्तावना

मराठी पत्रकारितेचा इतिहास हा प्रामुख्याने संपादकांचा आणि वृत्तपत्रांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. इ. स. १८३२ मधील 'दर्पण'पासून आजच्या साखळी दैनिकांपर्यंत या इतिहासात अग्रलेख, खटले, शिक्षा आणि चळवळी यांना स्वाभाविकपणे महत्त्वाचे स्थान मिळाले. नभोवाणीच्या इतिहासात केंद्रांच्या स्थापनेची वर्षे, प्रक्षेपकांची क्षमता आणि गाजलेले कार्यक्रम यांची नोंद आढळते. या दोन्ही प्रकारच्या लेखनात एक घटक मात्र सातत्याने निसटत आला आहे. तो म्हणजे बातमीचे काम शिकणारा, अजून कोठल्याही हजेरीपटावर नाव नसलेला शिकाऊ माणूस.

प्रस्तुत लेखात अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन प्रमुख जिल्ह्यांच्या संदर्भात या घटकाचा विचार केला आहे. नभोवाणीसाठी बातमी देण्याचे काम येथील माणूस कोठे शिकला, कोणाकडून शिकला आणि शिकत असताना त्याच्या उदरनिर्वाहाचा भार कोणी उचलला, हे या लेखाचे मूळ प्रश्न आहेत. वऱ्हाडात नभोवाणी पत्रकारितेची शिकाऊ परंपरा होती. परंतु कायदा, विद्यापीठ आणि प्रसारण संस्था या तिघांच्याही नोंदीबाहेर ती दीर्घकाळ राहिली. परिणामी, ज्यांना विनावेतन थांबणे परवडत होते त्यांनाच या व्यवसायाचे दार सहज उघडले, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

'उमेदवार' या संज्ञेचा अर्थ

'अॅप्रेंटिस' या शब्दासाठी शासकीय मराठीत 'शिकाऊ उमेदवार' ही संज्ञा रूढ आहे. यातील 'उमेदवार' हा शब्द फारसीतून आलेला असून 'उमेद' म्हणजे आशा. ब्रिटिश अमदानीतील कचेऱ्यांमध्ये कारकुनाची जागा रिकामी होण्याची वाट पाहत विनावेतन नकला करणाऱ्या, टपाल वाहणाऱ्या आणि साहेबाच्या नजरेत राहण्याची धडपड करणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत. त्याच्या कामाचा मोबदला म्हणजे पुढे नोकरी मिळण्याची आशा. लोहाराच्या भात्यापाशी किंवा सुताराच्या पटाशीपाशी बसणाऱ्या मुलाचे शिक्षण जातीच्या आणि घराच्या चौकटीत होत असे. कचेरीतील उमेदवाराला तशी चौकट नव्हती. त्याच्या घरी शेती, वतन किंवा मिळवता भाऊ असेल तरच त्याची उमेदवारी टिकत असे.

पत्रकारितेने कारागिराच्या शिकवणीपेक्षा कचेरीतील उमेदवारीचाच कित्ता गिरवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकोल्याहून 'वऱ्हाड समाचार' आणि अमरावतीहून 'प्रमोदसिंधु' यांसारखी पत्रे निघू लागली. अशा पत्रांच्या छापखान्यात खिळे जुळवणारा, मुद्रिते तपासणारा आणि गावोगावची पत्रे वाचून मजकूर तयार करणारा माणूस हे काम पाहून, चुकून आणि बोलणी खाऊनच शिकत असे. तरीही या व्यवस्थेला एक आधार होता. छापखाना गावातच होता. शिकणाऱ्याची चूक दुसऱ्या दिवशी छापील अक्षरात त्याच्यासमोर येत होती आणि ती दाखवणारा संपादक त्याच इमारतीत बसत होता. नभोवाणीच्या आगमनानंतर वऱ्हाडातील शिकाऊ माणूस याच आधाराला मुकला.

नागपूर केंद्राची स्थापना आणि वऱ्हाडचे अंतर

भारतात संघटित प्रसारणाचा प्रारंभ २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राने झाला. ही कंपनी अल्पावधीत बुडाली आणि १९३० मध्ये शासनाने प्रसारण आपल्या हाती घेतले. १९३५ साली बीबीसीतील लायोनेल फील्डन हे भारतात प्रसारण नियंत्रक म्हणून आले आणि जून १९३६ मध्ये या सेवेस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. १९४७ साली स्वतंत्र भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. मध्यप्रांत व वऱ्हाड या विस्तीर्ण प्रांतात त्यांपैकी एकही नव्हते. ही उणीव १९४८ मध्ये नागपूर केंद्राच्या स्थापनेने भरून निघाली. १९५० च्या दशकात आकाशवाणीने प्रादेशिक बातम्यांचा विस्तार केला आणि नागपूर हे विदर्भातील बातम्यांच्या संकलनाचे ठिकाण बनले.

वऱ्हाडच्या दृष्टीने या घटनेचे दोन परिणाम संभवले. पहिला परिणाम उघड आहे. येथील बातमी मराठीतून, काही तासांच्या आत, साक्षर व निरक्षर या दोन्ही प्रकारच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचू लागली. दुसरा परिणाम तितकासा लक्षात घेतला गेलेला नाही. बातमी घडण्याचे ठिकाण आणि ती तयार होण्याचे ठिकाण यांत अंतर पडले. अमरावती नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटर, तर अकोला सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. अमरावतीचा बातमीदार मजकूर पाठवी. त्यातून काय ठेवावे, काय गाळावे आणि कोणत्या क्रमाने वाचावे याचा निर्णय नागपूरच्या वृत्तविभागात होई. वऱ्हाडातील शिकाऊ माणसास आपल्या मजकुराचे काय झाले हे संध्याकाळी रेडिओपुढे बसूनच कळत असे. आठ ओळींच्या दोन का झाल्या, हे सांगणारा कोणी त्याच्याजवळ नव्हता.

औपचारिक प्रशिक्षणाची व्यवस्था आणि तिची मर्यादा

प्रसारणाचे काम शिकवावे लागते याची जाणीव प्रसारण संस्थांना आरंभापासून होती. बीबीसीने १९३६ मध्येच कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणशाळा काढली. १९४१ साली तेथील भारतविषयक विभागात रुजू झालेल्या जॉर्ज ऑर्वेल या नामवंत लेखकासही प्रथम अल्पकालीन प्रशिक्षण घ्यावे लागले. याच विभागात वेणू चितळे या मराठी लेखिकेनेही काम केले होते. स्वतंत्र भारतात आकाशवाणीने १९४८ मध्ये दिल्ली येथे कर्मचारी प्रशिक्षण संस्था सुरू केली. परंतु या सर्व व्यवस्थेची पूर्वअट एकच होती : आधी नोकरी, मग प्रशिक्षण. नोकरीच्या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी तेथे जागा नव्हती.

विद्यापीठीय शिक्षणाची सोय विदर्भात तुलनेने लवकर झाली, ही गोष्ट येथे नमूद करणे आवश्यक आहे. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्सली हे फुलब्राइट योजनेखाली १९५२-५३ मध्ये नागपूरला आले आणि हिस्लॉप महाविद्यालयातील पत्रकारिता विभागाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. भारतातील पत्रकारितेवरील लेखांचा एक ग्रंथही त्यांनी १९५३ मध्ये संपादित केला. अमरावती व अकोला येथील महाविद्यालये १९८३ पर्यंत नागपूर विद्यापीठाशीच संलग्न होती. त्यामुळे पत्रकारिता शिकू इच्छिणाऱ्या वऱ्हाडी विद्यार्थ्यासाठी नागपूर हेच जवळचे ठिकाण होते. तथापि नागपुरात खोली करून राहण्याचा खर्च कोरडवाहू कापसाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या कुटुंबास पेलणारा नव्हता. ज्ञानाचे केंद्र आणि प्रसारणाचे केंद्र दोन्ही नागपुरात, आणि बातमी मात्र दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, धारणी येथे, अशी ही विभागणी होती.

अंशकालीन वार्ताहर : एक अघोषित पाठशाळा

आकाशवाणीने जिल्हास्तरीय बातम्यांसाठी अंशकालीन वार्ताहरांची पद्धत स्वीकारली. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या पत्रकाराशी मासिक मानधनावर करार केला जातो. तो आकाशवाणीचा कर्मचारी नसतो. बहुधा त्याचा मुख्य व्यवसाय वृत्तपत्र, वकिली किंवा अध्यापन असा काही असतो. हा करार एका व्यक्तीपुरता असल्याने तिच्या हाताखाली शिकणाऱ्याची नोंद ठेवण्याची तरतूद त्यात नाही. प्रत्यक्षात मात्र जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, बाजार समिती आणि सर्वसाधारण रुग्णालय अशा अनेक ठिकाणांची बातमी एकट्या माणसाने रोज आणणे अवघड. त्यामुळे तालुक्याच्या गावांतील होतकरू तरुण, महाविद्यालयीन विद्यार्थी, नवखे वृत्तपत्रीय बातमीदार यांच्या मदतीवरच जिल्हा बातमीदाराचे काम चालते. नभोवाणी पत्रकारितेची वऱ्हाडातील पाठशाळा भरली ती येथे.

या पाठशाळेचा अभ्यासक्रम कोणी लिहिला नाही, परंतु कामाच्या स्वरूपावरून तो स्पष्ट होतो. पहिला धडा कानासाठी लिहिण्याचा. वृत्तपत्राचा वाचक न कळलेले वाक्य पुन्हा वाचू शकतो. श्रोत्यास ती सोय नाही. म्हणून वाक्य लहान हवे, एका वाक्यात एकच माहिती हवी, बोलणाऱ्याचे नाव व पद विधानाच्या आधी यावयास हवे. दुसरा धडा आकड्यांचा. कापसाचा भाव, धरणातील पाणीसाठा, पीक कर्जाची रक्कम यांच्या बातम्यांत आकडा ऐकताच समजावा लागतो. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हापासून हमीभाव, खरेदी केंद्रे आणि चुकाऱ्यांच्या तारखा हा वऱ्हाडातील घराघराचा विषय बनला. अशा बातमीत चुकीची तारीख गेली तर शेतकऱ्याची बैलगाडी बंद केंद्राच्या दारात उभी राहते. चुकीचे मोल येथे श्रोता मोजत असल्याने हा धडा पक्का होत असे.

तिसरा धडा वेळेचा. तारेने, ट्रंक कॉलने, पुढे फॅक्सने आणि त्यानंतर ई-मेलने बातमी पाठवण्याची साधने बदलली. १५ जुलै २०१३ रोजी तर तारसेवाच बंद झाली. तार शब्दांवर आकारली जात असल्याने अनावश्यक शब्द गाळण्याची सवय आपोआप लागे. ट्रंक कॉलवर पलीकडचा माणूस ऐकून लिहून घेत असल्याने गावाचे आणि माणसाचे नाव अक्षर सुटे करून सांगावे लागे.

चौथा धडा ध्वनिमुद्रणाचा. चुंबकीय फितीच्या काळात मुलाखतीतील नको असलेला भाग पात्याने कापून फितीची दोन टोके तिरप्या छेदाने चिकटपट्टीने जोडीत. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने फिरणाऱ्या फितीवर एका श्वासाची लांबीही बोटाने मोजता येई. कोठे कापले म्हणजे बोलणाऱ्याचा अर्थ बदलत नाही, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न वस्तुतः नीतीचा आहे. हे काम शिकण्यासाठी मात्र केंद्रात प्रवेश हवा आणि तो अंशकालीन वार्ताहराच्या मदतनिसास सहजासहजी मिळत नसे.

बोली आणि प्रमाणभाषा यांतील ताण

वऱ्हाडातील शिकाऊ उमेदवारापुढे आणखी एक प्रश्न होता, तो भाषेचा. वऱ्हाडी बोलीत 'मला, तुला' याऐवजी 'मले, तुले' अशी रूपे येतात; 'का' याऐवजी 'काहून' म्हणतात; 'ळ'चा उच्चार अनेकदा 'य' होतो, म्हणून 'डोळा' हा 'डोया' होतो; 'ण'च्या जागी 'न' येऊन 'पाणी'चे 'पानी' होते; 'करून राहिला' अशा संयुक्त क्रियापदांचा वापर सर्रास असतो. उद्धव शेळके यांच्या १९६० मधील 'धग' या कादंबरीने या बोलीचे सामर्थ्य मराठी साहित्यास दाखवून दिले. पण बातमीपत्राच्या ध्वनिक्षेपकासमोर ही बोली दोष ठरत होती. आवाजाच्या चाचणीत 'ळ' आणि 'ण' यांची परीक्षा होत असे आणि घरातून प्रमाणभाषा ऐकत आलेल्या उमेदवारास तेथे आपोआप लाभ मिळत असे.

बातमीपत्राची भाषा सर्वांना कळावी यासाठी प्रमाणभाषेचा आग्रह समर्थनीय आहे, हे मान्य करावे लागेल. नागपूरच्या बातम्या वऱ्हाडाप्रमाणेच झाडीपट्टीतही ऐकल्या जातात आणि तेथील बोली निराळी आहे. ग्रामीण कार्यक्रमांतील संवादांत बोलीस स्थानही मिळाले. तरीही या विभागणीतून एक संदेश शिकणाऱ्याच्या मनावर ठसत गेला. बोली ही हसण्या-बोलण्याची आणि शेतीच्या सल्ल्याची, तर गंभीर माहितीची भाषा दुसरी, असा तो संदेश होय. मेळघाटात हा प्रश्न अधिक बिकट होतो. तेथील कोरकू ही आर्यभाषाकुळातील नसून मुंडा गटातील भाषा आहे. १९९० च्या दशकात मेळघाटातील बालमृत्यू व कुपोषण राज्यभर चर्चेत आले, तेव्हा ज्या मातांविषयी बातमी होती त्यांचे म्हणणे बहुतांश वेळा दुभाष्यामार्फतच बातमीदारापर्यंत येत होते. कोरकू बोलणारा तरुण बातमीचे काम शिकला असता तर हे अंतर कमी झाले असते. मात्र विनावेतन उमेदवारी करण्यासाठी धारणीहून अमरावतीस येऊन राहणे त्याला परवडणारे नव्हते.

काय सांगू नये याचे शिक्षण

आकाशवाणीच्या प्रसारण संहितेनुसार राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला, न्यायालयाचा अवमान, धर्मावर वा समाजावर आघात आणि बदनामीकारक मजकूर वर्ज्य आहे. त्यामुळे शिकाऊ बातमीदाराचे निम्मे शिक्षण काय सांगू नये याचे असते. या शिस्तीचे गुण निर्विवाद आहेत. अफवेची बातमी होऊ न देणे, दंगलीच्या वेळी समाजांची नावे न घेणे, मृतांचा आकडा अधिकृत दुजोऱ्यानंतरच देणे या सवयी याच शिस्तीतून अंगवळणी पडतात. वृत्तपत्रात गेलेल्या जुन्या नभोवाणी बातमीदारांस त्या पुढेही उपयोगी पडतात.

परंतु या शिस्तीस दुसरी बाजूही आहे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात शासकीय नभोवाणीचा वापर सत्तेच्या प्रचारासाठी झाला. त्यानंतर बी. जी. व्हर्गीस यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९७८ मध्ये स्वायत्त प्रसारण न्यासाची शिफारस केली. प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि प्रत्यक्षात १९९७ मध्ये अमलात आला. या दीर्घ कालखंडात जिल्हा पातळीवर शिकणाऱ्या माणसास अधिकृत दुजोरा म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाचा किंवा जिल्हा माहिती कार्यालयाचा दुजोरा, असेच शिक्षण मिळत गेले. संयम आणि शासनावलंबन यांतील सीमारेषा ओळखण्यासाठी अनुभवी मार्गदर्शक लागतो. तो नागपुरात होता, शिकणारा अकोल्यात होता.

स्थानिक केंद्रे : जवळ आलेला स्टुडिओ

देशातील पहिले स्थानिक नभोवाणी केंद्र ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूतील नागरकोईल येथे सुरू झाले. इंग्लंडमध्ये बीबीसीने लेस्टर येथे असा प्रयोग १९६७ मध्येच केला होता. जिल्ह्याने जिल्ह्याशी बोलावे, ही या कल्पनेमागील भूमिका होती. याच धोरणातून पुढे अकोला व अमरावती येथेही आकाशवाणीची केंद्रे आली. वऱ्हाडातील तरुणासाठी स्टुडिओ प्रथमच सायकलच्या अंतरावर आला. अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ असल्याने शेतीविषयक कार्यक्रमांसाठी तज्ज्ञ आणि श्रोता दोघेही जवळ होते.

या केंद्रांनी नैमित्तिक उद्घोषकांची पद्धत राबवली. लेखी चाचणी आणि आवाजाची चाचणी उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीस महिन्यातून जास्तीत जास्त सहा पाळ्या देण्याचा नियम होता. निवड झालेल्यांसाठी 'वाणी' प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची सोय झाली. उच्चार, श्वास, स्तरनियंत्रण आणि संहितेचे नियम यांचे पद्धतशीर शिक्षण अनेकांना येथे प्रथमच मिळाले. शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी, बँक कर्मचारी अशा विविध स्तरांतील आवाज या वाटेने येऊ शकले, ही या पद्धतीची जमेची बाजू आहे.

तथापि दोन मर्यादा कायम राहिल्या. सहा पाळ्यांच्या मोबदल्यावर कोणाचेही घर चालत नाही. म्हणजे हेही काम पोटापाण्याची दुसरी सोय असलेल्यासच शक्य होते. दुसरे असे की, स्थानिक केंद्राचा भर कार्यक्रमांवर होता. प्रादेशिक बातम्यांचे संपादन पूर्ववत नागपूरसारख्या ठिकाणीच होत राहिले. त्यातही वृत्तविभागातील कायम पदे केंद्रीय माहिती सेवेतून, म्हणजे आजच्या भारतीय माहिती सेवेतून, भरली जात असल्याने ती वाट अखिल भारतीय स्पर्धा परीक्षेतून जाते. कोणत्याही कारागिरीत शिकाऊ माणूस कालांतराने कारागीर होतो आणि पुढे उस्ताद होतो. येथे खालच्या पायरीवरून वरच्या पायरीकडे जाणारा जिनाच नव्हता.

कायद्याच्या चौकटीबाहेर

शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा अधिनियम १९६१ साली संमत झाला. कारखान्यातील व्यवसाय डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या या कायद्याने करार, कालावधी आणि विद्यावेतन यांची हमी दिली. मात्र शिकाऊ व्यक्ती ही प्रशिक्षणार्थी असून कामगार नव्हे, असेही त्याने स्पष्ट केले. जोडारी, तारतंत्री, यंत्रकार हे व्यवसाय त्याच्या कक्षेत आले. बातमीदारी त्यात नव्हती. बिगर अभियांत्रिकी पदवीधरांचा समावेश होण्यास २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. दुसरीकडे, श्रमिक पत्रकारांना संरक्षण देणारा १९५५ चा कायदा वृत्तपत्रीय आस्थापनांपुरता होता. नभोवाणीचा बातमीदार त्याच्या व्याख्येत बसत नव्हता. परिणामी, अकोल्यातील वीजजोडणी शिकणाऱ्या तरुणास विद्यावेतन मिळत होते आणि त्याच गावात नभोवाणीची बातमी शिकणाऱ्या तरुणास स्वतःच्या खिशातून बसभाडे भरावे लागत होते.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने श्रमिक पत्रकाराची व्याख्या विस्तारून तीत नभोवाणी, इलेक्ट्रॉनिक व डिजिटल माध्यमांचा समावेश केला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सत्तर वर्षांनंतर झालेला हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र संपादक, वृत्तसंपादक, उपसंपादक, बातमीदार, वार्ताहर अशी पदांची यादी देणाऱ्या या व्याख्येत शिकाऊ पत्रकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही.

इ. स. २००६ आणि त्यानंतर

वऱ्हाडातील शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नाने या शिकाऊ परंपरेची खरी कसोटी पाहिली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली. त्या काळात राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय माध्यमांचे प्रतिनिधी येथील गावांत आले. पी. साईनाथ यांच्यासारख्या पत्रकाराने हा प्रश्न सातत्याने मांडला. बाहेरून येणाऱ्या बातमीदारास गाव, वाट, घर आणि बोली यांची ओळख करून देणारा माणूस स्थानिकच असावा लागतो. असे काम करणाऱ्याचे नाव बातमीवर येत नाही. कर्जाचा, नापिकीचा आणि मृत्यूचा हा वृत्तान्त आतून सांगू शकणारे लोक वऱ्हाडात होते. त्यांना तो सांगण्याचे रीतसर शिक्षण आणि व्यासपीठ मात्र पुरेसे लाभले नव्हते.

दिल्ली येथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र २०११ मध्ये अमरावती येथे, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परिसरात सुरू झाले. पुढे तेथे मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रमही आला आणि जानेवारी २०२४ मध्ये या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दिल्ली किंवा नागपूर येथे न जाता प्रसारमाध्यमाचे शिक्षण घेण्याची सोय वऱ्हाडात झाली, हे ऐतिहासिक महत्त्वाचे पाऊल होय.

याच सुमारास खाजगी एफएम वाहिन्यांचा विस्तार झाला आणि अकोल्यातही त्या ऐकू येऊ लागल्या. परंतु १९९९ पासूनच्या धोरणानुसार या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. २०११ च्या तिसऱ्या टप्प्यातील धोरणाने त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रे कोणताही बदल न करता सहप्रक्षेपित करण्याची मुभा तेवढी दिली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्यांना परवानगी द्यावी, अशी शिफारस केली. या मनाईचा शिक्षणाच्या अंगाने विचार झालेला दिसत नाही. खाजगी वाहिनीत जाणारा पत्रकारितेचा विद्यार्थी आवाज, निवेदन आणि तंत्र शिकतो. बातमी मात्र शिकत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणास श्रेयांक मिळू लागले असले, तरी जेथे बातमीच होत नाही तेथे बातमीचे कार्यप्रशिक्षण कसे व्हावे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. वऱ्हाडातील नभोवाणी पत्रकारितेचे शिक्षण दीर्घकाळ अंशकालीन वार्ताहरांच्या भोवती अनौपचारिक रीतीने झाले. ते कानासाठी लेखन, आकड्यांची अचूकता, वेळेचे भान आणि संयम या बाबतींत कसदार होते, परंतु त्याची कोठेही नोंद राहिली नाही.

२. बातमीचे संपादन नागपुरात आणि संकलन वऱ्हाडात, या विभागणीमुळे शिकणाऱ्यास आपल्या चुकीचे कारण समजण्याची संधी कमी मिळाली. स्थानिक केंद्रांनी स्टुडिओ जवळ आणला, वृत्तकक्ष आणला नाही.

३. १९५५ आणि १९६१ या दोन्ही कायद्यांच्या कक्षेबाहेर राहिल्याने या क्षेत्रातील उमेदवारी ही जुन्या कचेरीतील उमेदवारीप्रमाणे आशेवर चालली. बोली, उत्पन्न आणि अंतर या तीन चाळण्यांतून अल्पभूधारकाचा मुलगा, शेतमजुराची मुलगी व कोरकू तरुण बहुधा बाहेर पडले.

४. आज अमरावतीत शिक्षणसंस्था आहे, अमरावती व अकोला दोन्हीकडे आकाशवाणीची केंद्रे आहेत आणि कायद्याची व्याख्याही विस्तारली आहे. या तिन्हींची सांगड घालून विद्यावेतनासह, ठरावीक मुदतीची, जिल्हास्तरीय वृत्त-उमेदवारी निर्माण करणे शक्य आहे. तीत वऱ्हाडी आणि कोरकू भाषकांसाठी जागा असणे अगत्याचे आहे.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांसाठीही येथे तातडीचे काम आहे. तारेच्या आणि फितीच्या काळात हे काम शिकलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या मौखिक आठवणी, जपून ठेवलेल्या मजकुराच्या प्रती आणि जुन्या वह्या यांचे संकलन अमरावती व अकोला येथील इतिहास आणि पत्रकारिता विभागांनी संयुक्तपणे हाती घेतले, तर या परंपरेचे पहिले दफ्तर तयार होईल.